दोघांचंही बरोबर

एकाच घरात दोन नोबेल येणं तसं दुर्मीळच. पण इंग्लंडमधल्या थॉमसन बापलेकांची गंमत त्याहून वरची आहे. वडील जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली केंब्रिजमध्ये इलेक्ट्रॉन शोधला. तो कण होता. त्याला वस्तुमान होतं, विद्युतभार होता, चुंबक जवळ आणला की तो मुकाट्यानं वळत होता. कणानं आणखी काय करायचं असतं? १९०६ साली थोरल्या थॉमसनांना नोबेल मिळालं. पुढे त्यांचे चिरंजीव जॉर्ज पॅजेट थॉमसन यांनी १९२७ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला तोच इलेक्ट्रॉन एका अतिपातळ पापुद्र्यातून आरपार पाठवला, तेव्हा पलीकडच्या फोटोच्या काचेवर एकात एक वर्तुळं उमटली. नुसत्या कणांच्या माऱ्यातून अशी वर्तुळं निघत नाहीत; ते काम तरंगांचं. १९३७ साली धाकट्या थॉमसनांनाही नोबेल मिळालं. वडिलांनी ज्याची कण म्हणून ओळख करून दिली, तो मुलानं तरंग ठरवला, आणि नोबेलवाल्यांनी दोघांच्याही गळ्यात माळ घातली. थोरले थॉमसन तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. बापलेकांत यावरून अबोला झाल्याचं काही माझ्या वाचनात आलेलं नाही.

ही हकिकत मी आमच्या नानांना सांगितली. नाना माझे चुलते. महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. बांधावरून, वाटेवरून, विहिरीच्या पाण्यावरून भांडणारी माणसं त्यांनी उभ्या नोकरीत ऐकून घेतली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे वडिलांचं पारितोषिक रद्द झालं?”

“नाही, नाना.”

“मग मुलाचं तात्पुरतं आहे का?”

“तेही नाही.”

“अरे, मग निकाल काय लागला?”

“दोघांचंही बरोबर आहे, असा.”

नानांनी चष्मा काढून पंच्यानं पुसला. “हा निकाल नव्हे, ही टोलवाटोलवी आहे. ‘दोघांचंही बरोबर आहे’ असं मीही म्हणायचो. पण कधी, तर जेवणाची वेळ झाली आणि दोन्ही पक्ष उठायला तयार नसले की.”

नानांचा आक्षेप अगदी रास्त आहे. ‘तुमचंही बरोबर, त्यांचंही बरोबर’ हे वाक्य आपण कधी वापरतो? लग्नाच्या याद्या करताना मानपानावरून आवाज चढले की. सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय निघाला की. ते बोलणाऱ्याला सत्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला चहा यायच्या आत विषय संपवायचा असतो. पण भौतिकशास्त्र म्हणजे दशांश चिन्हानंतरच्या दहाव्या घरासाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसांचा धंदा. तिथेही असाच समेट होत असेल तर मग कठीण आहे. तेव्हा नानांचं अपील दाखल करून घेऊन हे प्रकरण पहिल्यापासून तपासायला हवं.

मुळात भांडण इलेक्ट्रॉनचं नव्हतंच, ते प्रकाशाचं होतं. सतराव्या शतकात हायगेन्स म्हणाला, प्रकाश म्हणजे तरंग. न्यूटन म्हणाला, कण. न्यूटनचा दबदबा असा, की पुढची शंभर वर्षं प्रकाशानंही बहुधा कण होऊन राहणंच पसंत केलं असावं. मग थॉमस यंग नावाचा एक डॉक्टर उठला. त्यानं खिडकीच्या झडपेला बारीक भोक पाडून उन्हाची एक तिरीप खोलीत घेतली आणि तिच्या वाटेत मिलिमीटरभरही जाडी नसलेली पुठ्ठ्याची पट्टी आडवी धरली. तिरीप दुभंगली, पट्टीच्या दोन्ही अंगांनी पुढे गेली, आणि पट्टीच्या सावलीत उजेड-काळोखाचे पट्टे दिसले. एका बाजूचा उजेड अडवला की पट्टे नाहीसे. म्हणजे काही ठिकाणी उजेडात उजेड मिसळून अंधार होत होता! कणात कण मिसळून शून्य कण होत नाहीत. एका तरंगाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात पडला तर मात्र शून्य होऊ शकतं. १८०३ साली यंगनं हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं. ‘एडिंबरो रिव्ह्यू’नं त्याला असा काही झोडपला, की बिचाऱ्यानं उत्तरादाखल स्वतःच एक पुस्तिका छापली. तिची एकच प्रत खपली असं सांगतात. मराठी लेखकाला हा आकडा ऐकून यंगविषयी एकदम घरोबा वाटू लागतो.

पुढचा प्रसंग पॅरिसच्या विज्ञान अकादमीतला. प्रकाशावरच्या निबंधांची स्पर्धा होती. रस्ते बांधणाऱ्या खात्यातल्या फ्रेनेल नावाच्या तरुण इंजिनिअरनं तरंगांच्या बाजूनं भक्कम गणित मांडलं. परीक्षकांत प्वासाँ होता. तो पक्का कणवादी आणि त्याहून पक्का गणिती. त्यानं फ्रेनेलचीच समीकरणं पुढे रेटली आणि म्हणाला, बघा, हे खरं मानलं तर गोल चकतीच्या सावलीच्या अगदी मधोमध उजेडाचा ठिपका दिसायला हवा. सावलीच्या पोटात उजेड! एवढा हास्यास्पद निष्कर्ष निघाल्यावर फ्रेनेलनं गाशा गुंडाळायला हवा होता. पण आरागो नावाच्या दुसऱ्या परीक्षकानं वाद घालत बसण्याऐवजी एक छोटी चकती घेतली आणि प्रत्यक्ष पाहिलं. सावलीच्या मधोमध उजेडाचा ठिपका होता. १८१९ साली पारितोषिक फ्रेनेलला मिळालं. त्या ठिपक्याला मात्र आजही ‘प्वासाँचा ठिपका’ म्हणतात. विरोधकाचं नाव इतक्या सन्मानानं जतन करण्याची ही पद्धत आपल्या साहित्यातल्या वादांनाही लागू करायला हरकत नाही.

झालं, प्रकाश तरंग ठरला. शतकभर नांदला. १९०० साली प्लांकनं मोठ्या नाइलाजानं म्हटलं, की तापलेल्या वस्तूचा प्रकाश समजून घ्यायचा तर ऊर्जा सुट्या सुट्या पुड्यांत मोजावी लागते. १९०५ साली आइन्स्टाइन त्याहून पुढे गेला. प्रकाश धातूवर पडला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. पण मंद निळा प्रकाश जे करतो ते कधीकधी झगझगीत लाल प्रकाशाला जमत नाही. आइन्स्टाइन म्हणाला, प्रकाश कणाकणानंच आदळतो असं माना, म्हणजे कोडं सुटतं: निळा कण दांडगा, लाल कण किरकोळ, आणि किरकोळ कितीही आले तरी दांडग्याचं काम करत नाहीत. म्हणजे पुन्हा कण! आणि यंगचे पट्टे? ते तर जिथल्या तिथे होते. तेव्हाची अडचण विल्यम ब्रॅग यांनी विनोदानं सांगितली, ती साधारण अशी: सोमवार, बुधवार, शुक्रवारी आम्ही तरंग वापरतो आणि मंगळवार, गुरुवार, शनिवारी कण. रविवारचं त्यांनी काही सांगितलेलं नाही. बहुधा त्या दिवशी प्रकाश नुसताच वाचायला वापरत असावेत.

याच सुमारास केंब्रिजच्या जी. आय. टेलर नावाच्या तरुणानं एक भाबडा वाटणारा प्रयोग केला. प्रकाश कणांचा असेल तर तो इतका मंद करावा, की कण जवळजवळ एकेकटेच जातील. मग कोण कोणात मिसळणार आणि पट्टे कसे पडणार? त्यानं गॅसची ज्योत, काजळी धरलेल्या काचा, एक सुई आणि फोटोची काच, एवढा संसार एका पेटीत मांडला. सर्वांत मंद प्रकाश इतका मंद होता, की मैलाहून थोड्या जास्त अंतरावर एक मेणबत्ती जळत असावी. सुईच्या सावलीचा फोटो उमटायला सुमारे दोन हजार तास लागले, म्हणजे जवळपास तीन महिने. तेवढ्यात टेलर शिडाची होडी घेऊन समुद्रावर फिरून आला असंही सांगतात. विज्ञानाच्या इतिहासात इतक्या निवांत झालेला प्रयोग विरळाच. १९०९ साली निकाल छापला: सावलीच्या कडेचे पट्टे भर उजेडात जितके स्वच्छ दिसायचे तितकेच इथेही होते. एकेकटा येणारा प्रकाशही तरंगाचा शिरस्ता पाळत होता.

इथपर्यंत नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “प्रकाशाचं एक वेळ सोड. तो हातात येत नाही, त्याचं काय ते होवो. पण इलेक्ट्रॉन म्हणजे माल. मालाचा तरंग कसा होईल?”

नेमकी हीच शंका एका फ्रेंच सरदारपुत्राला उलट्या बाजूनं आली. पाठ्यपुस्तकांतून आपल्याला ‘डी ब्रॉग्ली’ म्हणून भेटणारा लुई द ब्रॉय. जन्म १८९२. तो आधी शिकला इतिहास. विज्ञानाची गोडी लागली ती थोरल्या भावामुळे. या भावानं, मॉरिसनं, पॅरिसमध्ये स्वतःची खासगी क्ष-किरण प्रयोगशाळाच थाटली होती. पहिल्या महायुद्धात लुईची नेमणूक झाली आयफेल टॉवरवरच्या बिनतारी केंद्रावर. म्हणजे लोक खंदकांत असताना हा गृहस्थ काही वर्षं रेडिओच्या लहरींच्या संगतीत होता. युद्ध संपल्यावर त्यानं जो विचार मांडला, तो सरळ व्यवहाराचा होता. ज्याला आपण तरंग म्हणत आलो तो प्रकाश कणासारखा वागतो, तर ज्याला कण म्हणत आलो त्या पदार्थानं तरंगासारखं का वागू नये? उपकार एकतर्फी का असावेत? १९२४ साली त्यानं प्रबंधात हिशेबच मांडून दिला: कणाचं वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार करा, प्लांकच्या स्थिरांकाला त्या गुणाकारानं भागा, आलेली लांबी म्हणजे त्या कणाच्या तरंगाची लांबी. बस्स, एवढंच.

परीक्षकांना यावर काय म्हणावं कळेना. विद्यार्थी सरदार घराण्यातला, गणित निर्दोष, आणि निष्कर्ष असला. त्यांच्यातल्या लाँजव्हँनं शहाणपणा केला, प्रबंधाची एक प्रत आइन्स्टाइनकडे धाडली. आइन्स्टाइन त्या वेळी योगायोगानं याच गोष्टीच्या जवळपास घुटमळत होता, आणि त्याला तिथे आणून सोडणारा माणूस आपला होता. त्याच वर्षी ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची गणती करण्याची एक नवी रीत त्याला पाठवली होती. आइन्स्टाइननं ती स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापली, मग तीच रीत वायूच्या अणूंना लावून पाहिली, तर अणूही तरंगांसारखे वागतील असे संकेत मिळू लागले. त्यातच हा प्रबंध आला. या तरुणानं मोठ्या पडद्याचा एक कोपरा उचलला आहे, अशा अर्थाचं उत्तर त्यानं कळवलं. एकदा आइन्स्टाइननं मान डोलावल्यावर पॅरिसमधल्या माना डोलायला वेळ लागला नाही. बोस स्वतः पुढे पॅरिसला गेले तेव्हा थोरल्या द ब्रॉयच्या, मॉरिसच्या, प्रयोगशाळेत काही काळ काम करून आले.

आता पुरावा हवा होता. तो मिळाला एका फुटलेल्या बाटलीमुळे. न्यूयॉर्कला बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत क्लिंटन डेव्हिसन आणि लेस्टर जर्मर निकेलच्या तुकड्यावर इलेक्ट्रॉनचा मारा करत होते. त्यांना तरंगाबिरंगांशी कर्तव्य नव्हतं. १९२५च्या एप्रिलमध्ये द्रवरूप हवेची बाटली फुटली, निर्वात नळीला तडा गेला, आत हवा शिरली आणि तापलेल्या निकेलवर गंज चढला. आता नवा तुकडा घ्यावा, तर ही माणसं जुना तुकडाच चिकाटीनं तापवून तापवून साफ करत बसली. त्या तापवण्यात निकेलमधले असंख्य बारीक स्फटिक एकमेकांत विरघळून मोजकेच मोठे स्फटिक तयार झाले. अणूंच्या शिस्तीत बसलेल्या लांबच लांब रांगा आयत्याच हाती आल्या. नळी पुन्हा सुरू केली तर इलेक्ट्रॉन भलत्याच तऱ्हेनं उसळू लागले. का, ते कळेना. १९२६च्या उन्हाळ्यात डेव्हिसन पत्नीसह इंग्लंडला सुट्टीवर गेले असता ऑक्सफर्डच्या एका परिषदेत जाऊन बसले, आणि तिथे माक्स बोर्न व्यासपीठावरून डेव्हिसन यांचेच जुने आलेख इलेक्ट्रॉनच्या तरंगांचा पुरावा म्हणून दाखवू लागले! आपण काय शोधलं आहे हे परगावी जाऊन दुसऱ्याच्या भाषणात ऐकण्याचा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. परतीच्या बोटीवर डेव्हिसन नवे जर्मन निबंध वाचत बसले. सहलीचं पुढे काय झालं हे सौभाग्यवतींनाच ठाऊक.

१९२७ साली उत्तर आलं. ५४ व्होल्टच्या रेट्यानं सोडलेले इलेक्ट्रॉन ५० अंशांच्या कोनात भरभरून उसळत होते. त्यावरून मोजलेली तरंगलांबी ०.१६५ नॅनोमीटर. आणि द ब्रॉयच्या भागाकारानुसार यायला हवी होती ती ०.१६७.

हे दोन आकडे मी नानांपुढे कागदावर लिहून ठेवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले. “मोजणीच्या साखळीत याहून जास्त फरक पडायचा,” ते म्हणाले, आणि त्यांचा सूर पहिल्यांदाच जरा नरम वाटला.

माझ्या मते सगळी मेख या दोन आकड्यांत आहे. समेटाच्या ‘दोघांचंही बरोबर’ला आकडे नसतात. तिथे दोन्ही पक्षांनी थोडंथोडं सोडायचं असतं. इथे कुणीच काही सोडलेलं नाही. द ब्रॉयच्या समीकरणात एका बाजूला तरंगाची लांबी आहे, दुसऱ्या बाजूला कणाचं वस्तुमान आणि वेग, आणि मध्ये बरोबरचं चिन्ह. एकाचं माप कळलं की दुसऱ्याचं सांगावंच लागतं, दशांशासकट. असला ‘दोघांचंही बरोबर’ म्हणायला हिंमत लागते, कारण तो चुकीचा ठरू शकतो.

मग आपल्याला हे तरंग दिसत का नाहीत? कागद हाताशी होता म्हणून मी माझाच हिशेब करून पाहिला. वजन ७० किलो धरलं (डॉक्टरांचा काटा वेगळं सांगतो, पण त्या तपशिलानं निष्कर्ष बदलत नाही). चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटर. प्लांकचा स्थिरांक इतका चिमुकला, की माझ्या तरंगाची लांबी येते दशांश चिन्हानंतर चौतीस शून्यं आणि मग एक, एवढे मीटर. प्रोटॉनसुद्धा याहून शंभर अब्ज अब्ज पट मोठा. असल्या तरंगाचे पट्टे पाडायला तेवढ्याच बारीक फटी लागतील, आणि त्यातून मी जायचं म्हणजे प्रश्नच मिटला. बरं, उलटा हिशेब करू. तरंग ऐसपैस व्हायचा तर वेग कमी करायला हवा. माझा तरंग आमच्या दाराच्या रुंदीएवढा, म्हणजे मीटरभर व्हावा, म्हणून मी किती हळू चालावं? सेकंदाला पुन्हा तेच: दशांश चिन्हानंतर चौतीस शून्यं आणि एक, एवढे मीटर. या चालीनं मी विश्वाच्या जन्मापासून, म्हणजे सुमारे १३८० कोटी वर्षं, न थांबता चालत राहिलो असतो, तर आजवर प्रोटॉनच्या रुंदीचा चारशेवा भाग कापला असता. आळसाबद्दल घरच्यांनी आजवर मला पुष्कळ ऐकवलं आहे. पण तरंग होण्याइतका आळस माझ्याही आवाक्यातला नाही. इलेक्ट्रॉनला हे सहज जमतं, कारण त्याचं वजन जवळपास नाहीच.

पण लांबी मोजून झाली तरी एक प्रश्न उरतोच: तरंग कसला? समुद्रात पाणी हलतं, आवाजात हवा हलते, इथे काय हलतं? याचं उत्तर पाहायचं तर जपानमध्ये हिताचीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेली चित्रं पाहावीत. त्यांनी इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले. एक पडद्यावर पोचेपर्यंत दुसरा निघत नसे. वाटेत दोन रस्ते होते, यंगच्या पट्टीच्या दोन अंगांसारखे. पहिल्या चित्रात काळ्या पडद्यावर दहाएक पांढरे ठिपके आहेत, कुठेही पडलेले. शंभर झाले तरी काही बोध होत नाही. तीन हजारांच्या आसपास उभ्या रेघांचा भास होऊ लागतो. आणि हजारांनी भर पडत गेल्यावर एकाशेजारी एक, उजेड-काळोखाचे स्वच्छ पट्टे उभे राहतात. दिवाळीत अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या बाईकडे सुरुवातीला पाहिलं तर नुसते ठिपके दिसतात, मग हळूहळू आकार कळतो, तसंच. फरक एवढाच, की रांगोळी घालणारीला पुढचा ठिपका कुठे द्यायचा हे ठाऊक असतं. इथे पुढचा ठिपका कुठे पडेल हे कुणालाच सांगता येत नाही, आणि तरीही रांगोळी दर वेळी तीच उमटते.

ठिपका पूर्ण असतो. अर्धा इलेक्ट्रॉन इथे, पाव तिथे, असं कधी होत नाही. पोचतो तो कण. पण कुठे पोचण्याचा संभव किती, हे ज्याच्या हिशेबानं ठरतं तो तरंग. हे सांगितलं त्याच माक्स बोर्ननं, १९२६ साली, श्रोडिंगरचं तरंग-समीकरण ताजं असताना. तरंगाच्या उंचीचा वर्ग केला की संभव मिळतो. गंमत म्हणजे हा ‘वर्ग’ त्याच्या निबंधात मूळ मजकुरात नाहीच. तो छपाईच्या वेळी तळटीपेत आला. १९५४ साली बोर्नला नोबेल मिळालं. तळटीपा गाळून वाचणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

“मग तो एकटा इलेक्ट्रॉन कुठल्या रस्त्यानं गेला?” नानांचा पुढचा प्रश्न. वाटेच्या हक्काचे दावे चालवलेल्या माणसाला हा पडणारच.

ते पाहायची सोय केली की कळतं. पण सोय केल्याबरोबर पट्टे गायब होतात. यावरून ‘पाहिल्यानं सत्य बदलतं’ अशा गूढ गप्पांना ऊत आला आहे. व्याख्यानमालांमधून ‘क्वांटम’ हा शब्द हल्ली अंगाऱ्यासारखा वापरला जातो. त्यानं पाठदुखी बरी होते, धंद्यात बरकत येते आणि तो आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक असतो. प्रत्यक्षात पाहायला माणूस लागत नाही, डोळाही लागत नाही. व्हिएन्नात २००४ साली कार्बनच्या सत्तर अणूंचे गोल रेणू अशाच दुहेरी वाटांवरून पाठवले आणि आधी लेझरनं तापवले. तापलेला रेणू जाता जाता स्वतःच प्रकाश सोडतो. त्या प्रकाशात तो कुठून गेला याची खबर असते. ती कुणी वाचो न वाचो. रेणू जितके तापवले तितके पट्टे फिके होत गेले. म्हणजे कुणाच्या नजरेची जादू वगैरे काही नाही. खबर बाहेर गेली की पट्टे गेले, एवढाच कायदा.

नील्स बोरनं १९२७ साली कोमोच्या परिषदेत याचं सूत्र मांडलं: कण आणि तरंग ही दोन वर्णनं एकमेकांना पूरक आहेत. वाट विचारणारी मांडणी केलीत तर वाट कळेल, पट्टे विचारणारी केलीत तर पट्टे मिळतील. दोन्ही प्रश्नांची पूर्ण उत्तरं एकाच मांडणीत मागू नका. या विचारावर त्याचा इतका जीव, की १९४७ साली डेन्मार्कच्या राजदरबारी सन्मानासाठी स्वतःचं मानचिन्ह तयार करायची वेळ आली तेव्हा त्यानं यिन-यांगचं वर्तुळ निवडलं, आणि खाली लॅटिनमध्ये लिहिलं, की विरुद्ध ते परस्परपूरक. पण त्या वर्तुळाच्या मोहात पडून सगळं गुळगुळीत करायचं कारण नाही. इलेक्ट्रॉन दर प्रयोगात एकच उत्तर देतो, रोखठोक. ‘थोडा कण, थोडा तरंग’ असं तो कधीच म्हणत नाही. गुळमुळीतपणा असला तर तो आपल्या प्रश्नात असतो.

आणि हे दोन्ही गुण एका कपाटाएवढ्या यंत्रात रोज एकत्र कामाला लागतात. २०२०च्या सुरुवातीला केरळमध्ये देशातली पहिली करोनाबाधित व्यक्ती सापडली. तिच्या घशातल्या स्रावाच्या नमुन्यातून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत विषाणूचं छायाचित्र घेतलं गेलं. मार्चमध्ये ते प्रसिद्ध झालं. गोल देह आणि भोवती देठांसारखे काटे. आकार सुमारे ७५ नॅनोमीटर. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा सर्वांत आखूड तरंगसुद्धा ४०० नॅनोमीटरच्या आसपास. त्याला इतकी बारीक चीज सापडतच नाही. म्हणून तिथे प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरतात. लाखभर व्होल्टच्या रेट्यानं धावणाऱ्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी अणूच्या आकाराहूनही पुष्कळ लहान असते. या सूक्ष्मदर्शकात काचेच्या भिंगांऐवजी तारांची चुंबकीय वेटोळी असतात, कारण इलेक्ट्रॉन विद्युतभार असलेला कण असल्यामुळे चुंबकानं वळतो. बारकावा दिसतो तो त्याच्या आखूड तरंगामुळे. आणि शेवटी चित्र तयार होतं ते ठिपक्या-ठिपक्यानं. यंत्र चालवणाऱ्याला सोमवार-मंगळवारची वाटणी करावी लागत नाही. एका बटणात बापलेक दोघंही कामाला लागतात, आणि ज्या विषाणूनं सगळ्या जगाला घरात कोंडलं, तो काट्यांसकट पकडला जातो.

हे ऐकून नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “निकाल मान्य. पण हद्द सांग. कुठपर्यंत तरंग आणि कुठून पुढे माल?”

खुंटा कुठे रोवायचा, हा प्रश्न महसूल खात्याचा खरा. पण व्हिएन्नातली मंडळी गेली पंचवीस वर्षं याच खुंट्याच्या शोधात आहेत. १९९९ साली त्यांनी साठ कार्बन अणूंच्या रेणूचे पट्टे दाखवले. २०१९पर्यंत मजल दोन हजारांच्या आसपास अणू असलेल्या रेणूंवर गेली; हायड्रोजनच्या पंचवीस हजार अणूंहून जड असलेला ऐवज, आणि तरीही पट्टे पडतात. हद्द अजून सापडलेली नाही. ‘इथून पुढे फक्त कण’ अशी पाटी निसर्गानं कुठेच लावलेली दिसत नाही. ऐवज जड होत जातो तसं त्याला आजूबाजूपासून अलिप्त ठेवणं अवघड होत जातं, एवढंच.

“म्हणजे तत्त्वतः माझेही पट्टे पडू शकतात?” नानांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर पंच्याऐंशीव्या वर्षी नवी बढती मिळाल्याचं तेज होतं.

“तत्त्वतः पडायला हरकत नाही, नाना. पण तुम्हाला निर्वात पोकळीत बसवावं लागेल, थंडगार. कुणाला तुमची खबर लागता कामा नये. कुणाशी एक शब्द बोलायचा नाही.”

“कुणाशीच नाही?”

“हवेच्या एका रेणूशीसुद्धा नाही.”

नानांनी पंचा खांद्यावर टाकला, काठी घेतली आणि पारावरच्या मंडळींत बसायला निघाले. “मग राहू दे रे बाबा,” दारातून ते म्हणाले, “मी आपला कणच बरा.”